सायची वेणीफणी: प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार. सिडको, नाशिक.

जॉब, म्हणजे कारखान्याच्या भाषेत हाती आलेलं काम, ताब्यात आला. कन्येची बदली बंगळूरला झाली, तिथल्या भाड्याच्या खोलीत मांजर चालत नाही. म्हणून पर्शियन मादी, वय ६, रंग दुधावरच्या सायीचा आणि नावही साय, आजपासून आमच्याकडे. सोबत एक पिंजरा, लिटरचा (शी-शूच्या वाळूचा) ट्रे, अर्धी पिशवी खाद्य आणि "बाबा, तिला रोज विंचरावं लागतं हं" एवढी एकच सूचना. रोज विंचरल्याची खूण अंगावर कुठे दिसली नाही. कन्येला तसं बोललो नाही.

वजन: आधी मी एकटा काट्यावर, मग तिला घेऊन. फरक ३.६ किलो. दिसते सहाची. उरलेले सगळे केस.

गाठींची मोजणी: कानांमागे दोन, पुढच्या पायांच्या काखेत दोन, गळ्याखालच्या आयाळीत एक, पोटावर तीन, मागच्या मांड्यांवर (तिथे केसांचा पायजमाच झालाय) तीन. एकूण ११. सगळ्यात मोठी पोटावरची, अंदाजे २८ मिमी. अंदाजे, कारण व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) लावायला गेलो तर उठून गेली.

मागचा इतिहास: गेल्या उन्हाळ्यात एका ठिकाणी नेऊन अंगावरचे सगळे केस मशीनने काढले होते. तेव्हा काखेत चीर पडली. तेव्हापासून मशीनची घरघर ऐकली की पलंगाखाली. आज हिने (म्हणजे बायकोने) चटणीसाठी मिक्सर लावला, तरी तेच.

टार्गेट: रोज एक गाठ. १६ तारखेला काम पूर्ण, १७ ला सुट्टी. सातपूरला टूलरूममध्ये (कारखान्याची साचे-हत्यारं बनतात तिथे) ३१ वर्षं काढली, मांजराचे केस म्हणजे काय मोठं.

६ जानेवारी, सोमवार

हत्यारं. कन्येने दिलेला ब्रश आहे, बारीक वाकड्या तारांचा. स्वतःच्या मनगटावर फिरवून पाहिला. हलका फिरवला तर ठीक, जरा दाबला की लाल ओरखडे. वरवरच्या फिनिशिंगला चालेल, गाठीला नाही.

कॉलेज रोडवरून स्टीलचा कंगवा आणला. अर्धे दात विरळ, अर्धे दाट. विरळ बाजूची फट ३.१ मिमी, दाट बाजूची १.४. दुकानदार म्हणाला टोकं गोल आहेत. बोटाच्या पेरावरून एकेक दात फिरवला तर दोघांना बर, म्हणजे धातूची बारीक खरखरीत कड, सापडली. हजार नंबरचा पॉलिश पेपर ओला करून काढली. कातडीवर फिरणाऱ्या हत्याराला बर राहता कामा नये, हे कुठल्याही शिकाऊ पोराला कळतं, पण कंगवे बनवणाऱ्याला कळलेलं नाही.

दुकानदार गोचिडांचं औषधही देत होता. "कुत्र्याचं आहे, पण मांजराला चालतं." घेतलं नाही.

७ जानेवारी, मंगळवार

काम फसलं. जसं झालं तसं लिहितो.

हिने टॉवेलमध्ये गुंडाळून धरली, म्हणजे जॉब क्लॅम्प केला. मी मांडीवरची एक गाठ घेतली. कंगवा मुळाशी घातला आणि ओढला. हीच पहिली चूक. गाठ हलली नाही, कातडी हलली. दहा मिनिटांनी टॉवेलमधून गुरगुर. पंधराव्या मिनिटाला मी कात्री घेतली. गाठ चिमटीत धरून खाली पातं सरकवणार, तेवढ्यात चिमटीतलं काहीतरी ऊबदार लागलं. केस ऊबदार नसतात. गाठीने कातडी तंबूसारखी वर ओढून घेतली होती आणि माझी कात्री त्या तंबूच्या कापडावर होती. कात्री ठेवली.

विसाव्या मिनिटाला क्लॅम्प सुटला. माझ्या डाव्या हातावर तीन ओरखडे, एक खोल. साय कपाटाखाली. रात्री साडेअकरापर्यंत बाहेर आली नाही, जेवली नाही.

उत्पादन: अर्धी गाठ. रिजेक्शन: मी.

"अहो, लेकीची वेणी घालायचात तेव्हा ती पण अशीच पळायची," ही म्हणाली. खरं आहे. तेव्हाही मी मुळापासूनच ओढायचो.

८ जानेवारी, बुधवार

ओरखडे काल साबण-पाण्याने धुतले होते, आज धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. मग मांजरांच्या डॉक्टरांकडे. सायला नेलं नाही, कालच्यानंतर पिंजऱ्यात घालायची हिंमत नव्हती. फोटो दाखवले.

डॉक्टर वयाने कन्येएवढ्याच. शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, तुम्ही तिला किती वेळ धरलं?"

"वीस मिनिटं."

"आणि तिने किती वेळ दिला होता?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं. तो कॉलमच मी आखलेला नव्हता. आज आखला.

बाकी जे सांगितलं ते: कात्री पूर्ण बंद. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, गाठीखाली ती कुठपर्यंत वर आलीय ते डोळ्यांना दिसत नाही. गाठी सुटेपर्यंत आंघोळ नाही. माणसांचा शांपू कधीच नाही, लहान बाळांचाही नाही. गोचिडांच्या त्या औषधाचं विचारलं. कुत्र्यांच्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं आणि मांजराला ते विष आहे, झटके येऊन जीव जाऊ शकतो. दुकानदाराला जाऊन सांगितलं. "असं होय," म्हणाला. बाटली शोकेसमध्ये तिथेच आहे.

घरी येऊन फिनाईलची बाटलीही बाहेर काढली. पुसलेल्या फरशीवरून चालून मांजर पंजे चाटतं आणि तसली द्रव्यं तिचं यकृत पचवू शकत नाही. आता फरशी साध्या पाण्याने. हिला पटायला दोन दिवस लागतील.

९ ते १३ जानेवारी

काम बंद. कंगवा फक्त तिच्या ताटलीशेजारी ठेवला. पहिल्या दिवशी लांबून वळसा घालून जेवायला आली. तिसऱ्या दिवशी हुंगला. पाचव्या दिवशी त्याच्यावर गाल घासला.

खाऊचा प्रश्न. डॉक्टर म्हणाल्या उकडलेलं चिकन, मीठ नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही, त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आमच्या घरात चाळीस वर्षांत अंडं शिजलेलं नाही. शेवटी मागच्या गॅलरीत जुना स्टोव्ह, वेगळा टोप, वेगळा चिमटा, आणि शिजवणार मी. ही दार लावून घेते. पण काल दारातून आवाज आला, "तुकडे बारीक करा, घशात अडकतील तिच्या."

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

दिवसभर आकाशात पतंग आणि खाली आरडाओरड. गॅलरी बंद ठेवली. एका कापलेल्या पतंगाचा मांजा गॅलरीच्या जाळीत आला, नायलॉनचा. बंदी असून येतोच. आधी तो गोळा करून जाळीतून काढला, मग बाकीचं.

संध्याकाळी कंगव्याची पाठ (दात नव्हे) गालावरून फिरवली. चिकनचा तुकडा. पुन्हा पाठ, पुन्हा तुकडा. तिने दिलेला वेळ: ४० सेकंद. शेपटीचं टोक हललं आणि मी थांबलो. ती गेली नाही. बसून राहिली आणि माझ्याकडे पाहत राहिली, की संपलं एवढ्यात?

१६ जानेवारी, गुरुवार

आज टार्गेटप्रमाणे काम पूर्ण व्हायला हवं होतं. गाठी बाकी: ११. (ती अर्धी पुन्हा वळली.)

दिलेला वेळ: १ मिनिट १० सेकंद. विरळ दातांनी गाल, हनुवटी, डोक्यामागे. ह्या जागा तिला आवडतात, म्हणून सुरुवात आणि शेवट तिथेच. नापसंतीची कामं मधे.

थंडीमुळे हवा कोरडी आहे, कंगवा फिरला की चट्‌चट् ठिणगी उडते आणि ती दचकते. तळहात ओला करून जवळजवळ कोरडा पुसायचा, मग तिच्या पाठीवरून एकदा फिरवायचा. ठिणगी बंद. टूलरूममध्ये अर्थिंग द्यायचो तसंच.

१९ जानेवारी, रविवार

सकाळी मिसळ खाऊन आल्यावर निवांत बसून गाठ म्हणजे नक्की काय ते समजून घेतलं. हे आधी करायला हवं होतं. जॉब हातात घेण्याआधी मटेरियल बघायचं, हे मीच पोरांना शिकवायचो.

पर्शियनच्या अंगावर केसांचे थर असतात. वर लांब केस, खाली दाट मऊ लव. लव सतत गळते. आखूड केसांच्या मांजरात ती खाली पडते आणि सोफ्यावर दिसते. सायच्या लांब केसांत अडकून आतच राहते. जिथे घासतं तिथे ती वळली जाते: चालताना काख, बसताना मांड्या, पायाने खाजवते ते कानामागे. प्रत्येक केसावर कौलांसारखे बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकतात आणि सुटत नाहीत. त्यात पाणी पडलं आणि घासलं की झाला नमदा. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात चोळून धुतला की आटून दाट होतो, तेच. आंघोळ आधी का नाही, ते आता डोक्यात बसलं. मी ७ तारखेला हरलो नसतो तर ८ तारखेला तिला बादलीत घातलं असतं.

आणि कंगवा मुळाशी घालून ओढणं म्हणजे नमदा कातडीसकट ओढणं. काम टोकाकडून करायचं. आधी गाठीचं शेवटचं पाव इंच, ते मोकळं झालं की थोडं आत, मग आणखी आत. एका हाताच्या दोन बोटांनी गाठीच्या खाली, कातडीलगत केस घट्ट धरायचे. ओढ बोटांवर येते, कातडीपर्यंत जात नाही. स्वतःच्या दंडावरच्या केसांवर करून पाहिलं. खरंच जात नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

उजव्या कानामागची गाठ सुटली. ३ दिवस, एकूण ६ मिनिटं.

कंगवा शेवटीच लागला. आधी बोटं. गाठ उभी फाडायची, म्हणजे केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने दोन भाग, मग चार. आडवी नाही. किंचित कॉर्नफ्लोअर चोळलं की केस निसरडे होतात. हिच्या मंच्युरियनच्या डब्यातलं चमचाभर घेतलं. टाल्कम पावडर घेत नाही, ती नाकात जाते आणि मांजर नंतर अंग चाटणार आहेच. कॉर्नफ्लोअर पोटात गेलं तर फार तर काय, मंच्युरियन.

गाठीचा आकार हिने सांगितला: चिंचोक्याएवढी. मी व्हर्नियर आणेपर्यंत ती केरात गेली होती.

बाकी १०.

२४ जानेवारी, शुक्रवार

डावा कान. बाकी ९. दिलेला वेळ २ मिनिटं ५ सेकंद.

२६ जानेवारी, रविवार

गॅलरीत उन्हात पाठीवर पडली होती, चारी पाय वर. पोटावरच्या तिन्ही गाठी समोर. झेंडावंदनाची गाणी लागलेली, मला उत्साह आला. हळूच कंगवा घेऊन गेलो.

पोट दाखवणं हे बोलावणं नसतं. मागच्या पायांची लाथ, चष्मा गॅलरीबाहेर. खालच्या मजल्यावरच्या मुलाने आणून दिला, काच शाबूत.

दिलेला वेळ: शून्य. मी न विचारता घेतला.

२९ जानेवारी, बुधवार

तीन दिवस कंगवा दिसला की उठून जाते. पुन्हा ताटलीशेजारी. पुन्हा पाठ, गाल, तुकडा. डाउनटाइम माझ्या खात्यावर.

२ फेब्रुवारी, रविवार

समोरच्या काकू आल्या होत्या. त्यांच्या मते खोबरेल तेल थापावं, सगळं सुटतं. तेलाने केस चिकट होतात, धूळ धरतात, उरलेलं ती चाटते, आणि मग तेल काढायला आंघोळ लागते, की पुन्हा नमदा. एवढं सगळं त्यांना सांगितलं नाही, "बघतो" म्हणालो.

जाताना हसत म्हणाल्या, "पण देवीची जट असेल तर हात लावू नका हो, कोप होतो." त्यांनी गंमत केली, पण ही गप्प झाली. हिच्या आजोळी एका बाईने आयुष्यभर डोक्यावर जट वागवली होती, मान वाकडी झालेली. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव फिरून बायकांच्या जटा सोडवतात, कापतात, ते त्या बाईपर्यंत पोचले नाहीत. ही म्हणाली, "ती पण रात्री एका कुशीवर झोपू शकायची नाही."

नंतर बराच वेळ सायच्या काखेकडे पाहत बसली. संध्याकाळी तुकडे हिने भरवले. हाताने. चिकनचे. मी काही बोललो नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

जोडी जमली. ही तुकडा धरते आणि बोलत राहते (सायशी, माझ्याशी नाही). मी मागून विंचरतो. धरायचं कुणी नाही. उठली तर उठली.

आयाळीतली गाठ सुटली, बोराएवढी. बाकी ८. ३ मिनिटं.

शेपटीशिवाय आणखी काही इशारे समजायला लागलेत. पाठीची कातडी थरथरते, पाण्यावर वाऱ्याची लहर जावी तशी. कान बाजूला वळतात. बाहुल्या मोठ्या होतात. मान वळवून कंगव्याकडे बघते. ह्यातलं एकही दिसलं की हात थांबवायचा. गुरगुरेपर्यंत वाट बघणं म्हणजे ऑइलचा दिवा लागलेला असताना मशीन चालू ठेवणं.

९ फेब्रुवारी, रविवार

पायजम्यातली एक. बाकी ७.

डोळ्यांचं रोजचं काम वेगळं लिहिलेलं नाही, म्हणून एकदाच लिहितो. चपट्या तोंडामुळे डोळ्यांतलं पाणी नाकाकडे न जाता गालावर येतं आणि केस तांबूस होतात. उकळून कोमट केलेलं पाणी, कापसाचा बोळा, नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेर एकच फेर. दुसऱ्या डोळ्याला नवा बोळा. कानात काड्या घालायच्या नाहीत, दिसतं तेवढंच पुसायचं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

तीन गाठी बाहेर पाठवल्या.

पोटावरची ती मोठी (ही म्हणते सुपारी, मी म्हणेन दीड सुपारी), तिच्या शेजारची आणि डाव्या काखेतली. तीन आठवडे बोटांनी चाचपतोय, कॉर्नफ्लोअर आत शिरतच नाही. काखेतली तर प्रत्येक पावलाला कातडी ओढत होती, जिना चढताना ती तो पाय आखडता घ्यायची. मी सोडवीन या हट्टापायी तिने आणखी महिना लंगडायचं, हे बरोबर नव्हतं.

पिंजरा आठ दिवस आधीच हॉलमध्ये उघडा ठेवला होता, आत तिची गोधडी. त्यामुळे न्यायला त्रास झाला नाही. डॉक्टरांनी हलकं भुलीचं औषध देऊन बारीक आवाजाच्या मशीनने, पातं कातडीला सपाट ठेवून, काढल्या. मशीनचं पातं मधूनमधून हाताला लावून बघत होत्या, तापलं तर भाजतं. गाठीखाली कातडी लाल, एका जागी ओलसर. हवाच लागत नव्हती. मलम, आठ दिवस.

बाकी ४. ह्या तीन माझ्या खात्यात धरत नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

त्र्यंबकच्या रस्त्याला गर्दी, आम्ही घरीच. उपासाचा दिवस, त्यामुळे तुकडे मी.

नखं. पुढे प्रत्येक पायाला ५, मागे ४, एकूण १८. पंजाची गादी अलगद दाबली की नख बाहेर येतं. सायची नखं पांढरी, आतला गुलाबी भाग स्पष्ट दिसतो, त्यात रक्तवाहिनी आणि नस असते. त्याच्या बरंच अलीकडे, नुसतं वळलेलं टोक कापायचं. आज ४ झाली. मग पंजा काढून घेतला. उरलेली १४ पुढच्या तीन-चार दिवसांत, घाई कुणाला आहे.

६ मार्च, गुरुवार

दिवस मोठा व्हायला लागला आणि केस गळायला लागले. ऊन वाढल्यामुळे असं मी समजत होतो. डॉक्टर म्हणाल्या उजेडाचे तास वाढले की अंगाला कळतं. विरळ दातांनंतर दाट दात फिरवले की कंगवाभर लव निघते. आठ दिवसांची पिशवीत साठवली आणि हिच्या वेलदोड्याच्या काट्यावर ठेवली: ११ ग्रॅम. दिसायला दुसरं मांजर.

पहाटे ओकारीचा आवाज. चटईवर केसांची सुरळी, बोटाएवढी. म्हणजे जे मी काढत नाही ते ती गिळते.

कन्येने बंगळूरहून एका संशोधनाची माहिती पाठवली. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये मांजरांच्या जिभेचा अभ्यास झाला. जिभेवर मागे वळलेले काटे असतात हे सगळ्यांना माहीत आहे, चाटलं की खरखरतं. त्यांनी दाखवलं की काट्याच्या टोकाला पन्हळीसारखी खाच असते. तिच्यात थुंकी आपोआप चढते आणि चाटताना थेट केसांच्या मुळाशी पोचते. वाघापासून घरच्या मनीपर्यंत हीच रचना. अडचण एका जातीत दिसली, पर्शियन. जीभ दाबली तरी केसांचा थर काट्यांच्या उंचीपेक्षा जाड राहतो, काटा कातडीपर्यंत पोचतच नाही.

हे वाचून मी कंगवा पुन्हा हातात घेऊन पाहिला. इतके दिवस वाटत होतं की मांजर आळशी आहे किंवा आमच्या लेकीने लाडावून ठेवलंय. तिचं हत्यारच आखूड आहे. माणसाने हौसेपायी केस वाढवत नेले, जीभ काही वाढवली नाही.

९ मार्च, रविवार

पायजम्यातल्या उरलेल्या दोन सुटल्या. पोटावरची शेवटची अर्धी झाली आणि उरलेली कंगव्यात आपोआप आली. बाकी १, उजवी काख. पोट आता ती स्वतः थोडं थोडं देते, कुशीवर पडून. पाठीवर नाही.

दिलेला वेळ: ५ मिनिटं २० सेकंद. उच्चांक.

१९ मार्च, बुधवार. रंगपंचमी

आमच्याकडे धुळवडीपेक्षा आज रंग. पुतण्या रहाडीवर (जमिनीतल्या रंगाच्या हौदावर) घेऊन गेला, तिवंध्याला. ५९व्या वर्षी धप्पा (हौदात उडी) मारायचा नाही असं ठरवून गेलो होतो. मारला. पेशवेकाळापासूनचा हौद, बाहेर आलो तेव्हा पायाच्या नखापर्यंत रंगलेला.

घरी येऊन थेट न्हाणीघरात, सायला बेडरूममध्ये बंद करून. तरी पुतण्याच्या डोक्यावरचा कोरडा गुलाल पंख्याने उडाला आणि संध्याकाळी तिच्या शेपटीवर गुलाबी पट्टा. ती चाटायच्या आत काढायला हवा होता. आधी मऊ ब्रशने कोरडा झटकला, मग ओल्या फडक्याने केसांच्या दिशेने पुसला, मग कोरड्या फडक्याने दाबून घेतला, चोळला नाही. ३ मिनिटं. तीन महिन्यांपूर्वी मी हेच काम बादलीत केलं असतं.

२८ मार्च, शुक्रवार

उजवी काख. सुटली, साडेसहा वाजता, ही फोनवर बोलत असताना. सगळ्यात शेवटचा धागा कंगव्यानेही नाही, बोटाने. कातडी स्वच्छ, लाली नाही. हिला हाक मारली तर हाताने "थांबा" अशी खूण.

३० मार्च, रविवार. पाडवा

घरात आता गाठी फक्त गुढीवर, साखरेच्या. त्याही सायने हुंगून सोडून दिल्या. कडुलिंबाला तोंड लावेल म्हणून गुढी उंच बांधली.

कन्या आली आहे. आल्या आल्या सायला उचलून मांडीवर घेतलं आणि विंचरायला लागली, मुळापासून. साय उतरून गेली. "बाबा, हिला काय झालंय? आधी असं नव्हती करत." मी तिच्या हातातून कंगवा घेतला. आधी गाल, म्हटलं. आधी पाठ फिरव, कंगव्याची. तिने दिला तेवढाच वेळ. कन्या हसायला लागली. "माझ्या वेणीला कधी विचारलं होतंत का असं?"

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "नाही."

२२ एप्रिल, मंगळवार

पारा चाळिशीला. कन्येचा फोन: उकाडा आहे, केस काढून टाकू या का पुन्हा? डॉक्टरांना विचारलं. मोकळ्या, विंचरलेल्या केसांत हवा खेळते, गाठी झालेल्या केसांत कोंडते. केस काढले तर फिक्या रंगाच्या मांजराची कातडी उन्हात भाजते. आणि मशीनची भीती आहेच. नाही काढायचे. दुपारी पडदे, फरशीवर ओलं पोतं, पाण्याची दोन भांडी. फक्त शेपटीखालचे केस डॉक्टरांकडून थोडे आखूड करून घेतले, तिथे घाण अडकत होती.

ओल्या पोत्यावर साय बसत नाही. ही बसते.

२९ जून, रविवार

आठ दिवस पाऊस, कपडे वाळत नाहीत. दमट हवेत लव पुन्हा चिकटायला लागली आहे, म्हणून सकाळीही एक फेरी. विंचरताना कातडीवर गोल, केस गेलेला चट्टा दिसतो का तेही बघतो, लांब केसांच्या मांजरांना गजकर्ण लवकर होतं आणि ते माणसांनाही लागतं. आज नाही.

संध्याकाळी पावणेसातला स्वतः येऊन सतरंजीच्या कोपऱ्यावर बसली. कंगवा अजून खिळ्यालाच होता.

दिलेला वेळ ४ मिनिटं. डाव्या कानामागे नवी गाठ, तुरीच्या डाळीएवढी. टोकाकडून निम्मी सुटली, तेवढ्यात शेपूट हललं.

उरलेली उद्या.